घराच्या खड्ड्यातलं पाणी

हिंगोलीत तेव्हा आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. भाड्याच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं काढली, त्यात माझा निम्मा जीव पिंपात अडकलेला. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, हात धुतलेलं तुळशीला. तांब्याभर पाणी सांडलं म्हणून मी नवऱ्याशी दोन-दोन दिवस अबोला धरलेला आहे. तेव्हा पुढं माझ्या हातून जे झालं त्याचं कुणी नवल करू नये.

शेवटी गावाबाहेर प्लॉट घेतला आणि घराला हात घातला. घाई होती ती माझ्या वडिलांसाठी. आई गेल्यावर ते वारंगा फाट्यापलीकडच्या आमच्या गावी एकटेच राहत. चला म्हटलं की एकच उत्तर, "भाड्याच्या खोलीत तुमची अडचण करायला न्हाई येणार मी. घर होऊ दे, मग येतो." त्यांचा दमा पावसाळ्यात बळावायचा. पावसाच्या आत निदान एक खोली उभी करायचीच, असं मी ठरवलं होतं.

जमीन काळी. ती सगळी काढून खाली मुरूम लागेपर्यंत पुरुषभर खोल खड्डा घेतला. आणि ऐन चैत्रात अवकाळी पाऊस असा कोसळला की सकाळी तिथं तळंच.

आमचे मिस्त्री जवळच्या तांड्यावरचे, मोजकं बोलणारे. कडेला उकिडवे बसून म्हणाले, "ताई, आजच इंजिन लावून पाणी काढतो. काळी माती हाय, भिजत राहिली की कड धरत न्हाई."

"एवढं पाणी फेकून देणार?"

"मग काय करता त्याचं?"

काय करता म्हणजे? मी घरातल्या सगळ्या गोधड्या आणल्या, गल्लीत निरोप दिला. दुपारपर्यंत दहा-बारा बायका जमल्या. पाणी गढूळ होतं, पण पिंपात भरून तुरटी फिरवली की निवळायचं. लोकांच्या कुंपणांवर गोधड्या वाळत होत्या, आम्ही कोपरापर्यंत भिजून हसत होतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी हात न आखडता पाणी वापरलं. इतकी खूश मी लग्नातही नव्हते. नवऱ्यानं दोनदा इंजिनाचं काढलं, मी उडवून लावलं.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी खड्ड्याच्या दोन बाजू आत बसलेल्या दिसल्या. नशीब, आत कुणी नव्हतं. मिस्त्री फावडं घेऊन चिखल उपसायला लागले. चिखल निघेपर्यंत महिना गेला, तोवर त्यांचं दुसरं काम लागलं आणि मृग येऊन ठेपला.

बाबांना सांगायला गेले. वाटेत दोन-तीन थापा जुळवल्या होत्या, पण त्यांच्यासमोर खरंच बोलून गेले. ते ढास लागेपर्यंत हसले. "बरं केलंस, माय. मलाबी न्हाई फेकवलं असतं."

घर पौषात झालं आणि ते आले. सकाळी दारात उन्हाला बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला खड्ड्याची गोष्ट सांगायचे आणि म्हणायचे, "लेक शहाणी हाय माझी." फाल्गुनात ते गेले. छाती आदल्या पावसाळ्यातच निकामी झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. तो पावसाळा त्यांनी गावात एकट्यानं काढला होता. मला रागावले असते तर बरं झालं असतं.