फळ्यांखालची ओल आणि आमचे भाऊजी

समस्त कोरड्या व दमट जनतेस कळविण्यात येत आहे की, हवेतलं पाणी पकडून मडक्यात कोंडणारा जगातला पहिला माणूस विलायतेत नव्हे, नवेगाव बांध या गावी होऊन गेला, आणि तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. या शोधाची नोंद कुठेही नाही, याचं कारण जगाचा मत्सर, असं भाऊजींचं मत होतं. माझं मत पुढे येईलच.

भाऊजींनी एका जंगल-ठेकेदाराचं घर विकत घेतलं होतं. ठेकेदाराने सापांच्या भीतीने सागाच्या फळ्यांची जमीन खांबांवर उचलून घेतली होती, आणि फळ्यांखाली माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी पोकळी राहिली होती. सापांना ती फार आवडली. पुढे ओलीलाही आवडली. तळं जवळ, पावसाळा लांब. श्रावणात त्या घरात पापड कुरकुरीत मागणं म्हणजे पापडाचा अपमान. फळ्यांच्या फटींतून वर येणाऱ्या ओलीने आमच्या बाईला, म्हणजे बहिणीला, खोकला धरला. गोंदियाच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, "इन्हें सूखी जगह रखिए।" आमच्या आईने तात्काळ अर्थ लावला: सूखी जगह म्हणजे आर्वी, आणि आर्वी म्हणजे माहेर. पोळ्यापर्यंत खोकला थांबला नाही तर बाईचा दर पावसाळा माहेरीच जाईल, असा निरोप गेला. इकडे भाऊजींना स्वतःचं धोतरसुद्धा बाईने हातात दिल्याशिवाय सापडत नसे. तेव्हा बायको कोरड्या जागी नेण्याऐवजी त्यांनी जागाच कोरडी करायला घेतली.

यंत्र असं होतं: फळ्यांखाली बांबूच्या टोपल्या टांगलेल्या, टोपल्यांत खडेमीठ, खाली मडकी. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे कोणत्याही स्वयंपाकघराला ठाऊक असतं. भाऊजींनी त्याला शिस्त लावली, एवढंच. मिठावर हवा खेळावी म्हणून कुठल्याशा जुन्या कचेरीतला, दोरीने ओढायचा झालरीचा पंखा आणून तोही खाली टांगला. दोरी फटीतून वर काढून पायाच्या अंगठ्याला बांधली, आणि आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत भाऊजी दिवसभर पाय हलवू लागले. नव्या पाहुण्याला वाटे, गृहस्थांना वाताचे झटके येतात. स्वागताला भाऊजी दोरी विसरून उठत, आणि खालून मडकी फुटल्याचा आवाज येई. "यंत्र चालू हाय," ते अभिमानाने सांगत.

मग चहाआधी मडक्यातल्या पाण्याचं दर्शन. "पाहा. हे सारं तिच्या छातीत जाऊन राहिलं होतं!" पाहुणा कपाकडे संशयाने पाही. ओलं मीठ कढईत वाळवायचं काम अर्थात रुग्णाचं. "वरणाले थांबा," बाई खोकत खोकत म्हणे, "अजून मीठ शिजून राहिलं."

आता मडक्यातलं पाणी तुम्ही-आम्ही फेकून दिलं असतं. पण भाऊजी पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणाऱ्या घराण्यातले. पाणी फेकणं त्यांच्याकडे देव्हाऱ्यातला देव फेकण्यासारखं. पाणी दिसलं की अडवायचं, एवढंच त्यांच्या हातांना कळे. त्यांनी मागच्या भिंतीला लागूनच एक तळं खोदलं, मातीची पाळ घातली, ती पायांनी तुडवून पक्की केली. देश नुकताच स्वतंत्र होऊन मोठमोठी धरणं बांधत होता. भाऊजींनीही आपला वाटा उचलला. मडकी त्या तळ्यात रिकामी होत, वरून पाऊस भर घाली. आणि चमत्कार पाहा, यंत्र जितकं चाले तितकी मडकी लवकर भरत! भाऊजी फुलून जात. बाई मात्र जास्तच खोकू लागली.

पोळा झाला. अर्जुनी मोरगावला रेल्वेतून उतरून, छकडा करून मी बाईला न्यायला पोचलो. तिची पेटी दारात बांधून ठेवलेली. भाऊजी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "न्या, साळेबुवा. पण आधी माझं यंत्र पाहून जा."

आम्ही दोघे पोटावर सरपटत आत शिरलो. बाहेर छकडेवाला बिडी ओढत आमच्या चिखलाच्या तळव्यांकडे पाहत होता. आत मागच्या भिंतीच्या दगडांतून पाणी शांतपणे झिरपत होतं.

"भाऊजी," मी म्हणालो, "हे तर तुमच्या तळ्यातलंच पाणी परत येऊन राहिलं!"

डोक्यावरच्या फळ्यांतून बाईचा आवाज आला, "मले वाटलंच होतं."

"मग सांगितलं काऊन नाही?" भाऊजी खालून ओरडले.

"तुमचा अंगठा एवढा खुशीत हालत होता. काय सांगू!"

भाऊजी बाहेर आले आणि फावडं घेऊन पाळीपुढे उभे राहिले. त्यांच्या घराण्यात पाळ फोडणाऱ्याचं नावही कोणी घेत नाही. मग डोळे मिटून त्यांनी घाव घातला, आणि पाणी गुळगुळ करत खालच्या धानाच्या बांदीत निघून गेलं. मी धीर द्यायला म्हणालो, "आता घर खडखडीत वाळेल. दिवाळीले आणून सोडतो बाईले." त्यावर चिखलात उभ्या त्या शास्त्रज्ञाच्या तोंडून एक वाक्य निसटलं. निसटल्यावर ते स्वतःच लाजले, आणि मागच्या खिडकीतून ते ऐकून बाईने पेटीची दोरी सोडायला घेतली.

पुढे तिचा खोकला कमी झाला की आम्हालाच त्याची सवय झाली, आता सांगता येत नाही. दोघंही आता नाहीत. पंख्याची ती दोरी मात्र माझ्याकडे आहे. त्या वेळी मी एकटाच आर्वीला परतलो, तेव्हा आई दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. "बाईले काऊन नाही आणलं?" मी भाऊजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि आईचे कमरेवरचे हात खाली आले.

"थे गेली त मंग कोरडं घर कायले पायजे मले?"