दाराशी येणारी गाडी

आई गेल्यावर बाबा अमेरिकेत, नोव्हायला माझ्याकडे आले. आयुष्यभर इचलकरंजीत लाल झेंडा खांद्यावर घेतलेला माणूस, अमेरिकेचं नाव काढलं तरी फणफणायचा. आता मुकाट्याने आला, याचीच मला धास्ती वाटली. गिरणी बंद, युनियनच्या ऑफिसात मोबाइलचं दुकान, सोबती एकेक करून गेलेले. सोफ्यावर बसून म्हणायचे, "आपण काय मिळवलं गं?" जेवण निम्म्यावर आलं होतं. मी मोटारींचे ब्रेक तपासणारी इंजिनिअर; मी आपली त्यांचं ताट पुढे सरकवायचे.

एक मेला मात्र ते पहाटेच आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तयार!

"कुठे निघालात?"

"अगं, कामगार दिन! शिकागोतूनच तर सुरू झाला. मोर्चा कुठून निघतो?"

इथे त्याची सुट्टीसुद्धा नसते, हे सांगताना माझ्या जिवावर आलं. तेवढ्यात इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या काकूंचा फोन आला, "हॅपी महाराष्ट्र डे, काका!" बाबांनी कसंबसं थँक्यू म्हटलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी ऑफिसची बॅग घेऊन मागोमाग गेले.

शेजारच्या घरापुढे व्हॅन लागली होती. ड्रायव्हरने गाडीच्या मागची लिफ्ट खाली सोडली, म्हाताऱ्या शेजाऱ्याची व्हीलचेअर वर घेतली आणि चाकांना पट्टे बांधू लागला.

"काय झालंय त्याला?"

"किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस."

"बडा माणूस दिसतोय."

"छे, ट्रक चालवायचा."

"मग खर्च?"

"बहुतेक सरकारच करतं. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, पण किडनी गेली की तरुण माणसालाही मिळतो. गाडीही सरकारीच."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "इथे? अमेरिकेत?"

सगळ्याच आजारांना असं नाही, हेही मी सांगितलं. माझ्याच ऑफिसातला एकजण नोकरी आणि तिच्याबरोबर विमाही गेल्यावर औषध पुरवून पुरवून घेत होता. "अर्धंमुर्धंच आहे, बाबा."

"असेना! पण दाराशी येते ना गाडी? आणि तुम्ही याला म्हणता काय?"

"काही नाही. मेडिकेअर."

ते थक्क झाले होते, आणि त्यांच्याकडे बघून मीही. इतकी वर्षं ती व्हॅन माझी वाट अडवते म्हणून मी चडफडत होते. एक थकला माणूस कोणापुढे हात न पसरता उपचाराला जातो, हे माझ्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

शेजाऱ्याने गाडीच्या उघड्या दारातूनच इंग्रजीत विचारलं, "तुझे वडील काय करायचे?"

"गिरणीत होते. युनियनमध्ये."

"मीही युनियनवाला! पण त्यांना सांग, कम्युनिस्टांना मात्र आम्ही या देशात शिरू दिलं नाही."

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. बाबा खो खो हसले. कित्येक महिन्यांनी हसले!

"त्याला म्हण, फार छान केलंत. आता निघा, उपचाराला उशीर नको."

व्हॅन वळली तरी बाबा तिथेच उभे. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "आपल्याकडे सरकारी दवाखान्यात डायलिसिस फुकट आहे. पण तिथवर माणूस जातो कसा? एसटीने. येताना पायांत त्राण नसतं, उतरताना पडतात लोक. गाडी मागायला हवी होती. आम्हाला सुचलंच नाही."

"आता कोण मागणार, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलं होतं.

"माझं तिकीट काढ."

त्या वयात, त्या गुडघ्यांनिशी! इथेच राहा म्हणून मी भांडले, रडले. ते ऐकून घेत होते, पण मनाने केव्हाच कलेक्टर कचेरीपुढे जाऊन बसले होते. शेवटी मी तिकीट काढलं. त्या रात्री ते पोटभर जेवले.