दारातली आडवी पट्टी

आमच्या कॉव्हेंट्रीच्या गल्लीत विल्फ टँडीइतका हेकट माणूस दुसरा नव्हता. निवृत्त झाल्यावर त्याने वडिलांची जुनी मॉरिस गाडी दुरुस्तीला काढली. दारांखालचा पत्रा गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते. तो कापून घरच्या गॅरेजातच नवा बसवायचा होता.

त्या शनिवारी मी शेजारधर्म म्हणून तिथेच उभा होतो. विल्फची बायको बेरिल रिकामे कप न्यायला आली. तिने बावीस वर्षं कारखान्यात गाड्यांना दारं बसवली होती. ती म्हणाली, "विल्फ, कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड कर. नाहीतर गाडी मधे खचेल."

"तू आपला चहा टाक," विल्फ म्हणाला. आम्ही दोघं हसलो. मी जरा जास्तच हसलो.

त्याने पट्टी न लावताच पत्रा कापला, नवा जोडला आणि दार लावायला गेला. ते बोटभर अडलं. गाडी खचली होती. बेरिल गॅरेजात पुन्हा फिरकली नाही.

सगळं उचकटून नीट करायला त्याला तीन वर्षं लागली. गेल्या रविवारी मी तिथे असतानाच त्याने हाक मारली, "बेरिल, चल, चक्कर मारून येऊ. या वेळी तुझी पट्टी लावली होती."

ती बाहेर आली आणि आमच्या हातात एकेक कप देऊन म्हणाली, "मला आपला चहाच जमतो."

ती आत गेली. माझ्या चहात साखर बरोबर दोन चमचे होती. ती काहीच विसरली नव्हती.