पंगत उठायच्या आधी

नाझनीनवर अन्याय झाला. २०१२ साली, गौरी-गणपती गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी तीनला. कंपनीने केला, असं मी पत्रकात छापलं. खोटं छापलं. मी केला. हे आजवर कुणालाच बोललो नाही — आईला नाही, कामगार संघटनेत तर नाहीच.

जासईच्या कंटेनर यार्डाचे गेटपास पनवेलमधल्या आमच्या ऑफिसातून निघायचे. एकच सॉफ्टवेअर चार सर्व्हरवर चालायचं — त्यांना आम्ही नोड म्हणायचो. एक थांबवला की बाकीचे भार ओढायचे. ते सगळं नाझनीन सांभाळायची; मी तिच्या हाताखाली. नोड थांबवण्याआधी त्याच्याकडे नवं काम जाणं बंद करायचं आणि आतले अर्धवट पास पुरे होईपर्यंत थांबायचं, हा तिचा नियम. "पंगत उठू दे रे आधी," ती म्हणायची. "जेवणाऱ्याच्या पुढून पान ओढतोस का, पुढारी?"

पुढारी! आता मला सगळे साहेब म्हणतात. तसं चिडवणारं कुणी उरलं नाही — आणि रोज तेच ऐकावंसं वाटतं.

त्या सोमवारी ती आईच्या डोळ्याची पट्टी काढायला गेली होती. जाताना विश्वासाने स्वतःचा पासवर्ड देऊन गेली, कारण नोड थांबवायची परवानगी माझ्या नावावर नव्हती. चालू असलेले नोड एकेक करून बंद-चालू करायचे होते. तिसरा दुरुस्तीसाठी बंद आहे, हे तिने फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं. पण चारला माझी सभा होती — कंत्राटी कामगारांच्या हक्कांची! वाट कोण बघणार? मी पहिला आणि दुसरा एकदमच थांबवले. उरलेल्या चौथ्यावर सगळा भार आला आणि तोही बसला.

अर्धवट भरलेले पास उडाले. ट्रेलरची रांग थेट रस्त्यावर. फोनवर एक ड्रायव्हर ओरडत होता, "ओ सायेब, पास हाय का नाय? का आमी इथंच मुक्काम ठोकू?" मालाचं जहाज चुकलं.

सर्व्हरच्या नोंदीत नाव तिचं, कारण पासवर्ड तिचा. चौकशीत ती म्हणाली, "मी तिथे नव्हते." कंपनीच्या साहेबांनी विचारलं, मग कोण होतं? तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं — आणि मी? मी फळ्याकडे बघत बसलो. माझं नाव तिने घेतलं नाही. ते मी सांगावं, एवढीच वाट ती बघत होती ना?

तिचं कंत्राट संपवलं. मग मी काय केलं? ‘नाझनीनला न्याय द्या’ असं पत्रक काढलं, स्टँडबाहेर स्वतः वाटलं. तिच्या हातातही दिलं. तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घातली. "शुद्धलेखन छान आहे हो, पुढारी." एवढं बोलून गेली.

ती उलव्याला राहते म्हणे. त्या बाजूला गेलो की प्रत्येक बसथांब्यावर बघतो. कशाला? दिसली तर तोंड उघडेल माझं? तेव्हा उघडलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. यार्डात, ऑफिसात, कुठेही कुणी म्हणालं, "तीच ना, जिने गेट बंद पाडलं?" — तर त्याला तिथेच अडवा. चारचौघांत सांगा, ती नव्हे. प्रशांत. गव्हाणचा प्रशांत.