कोण कशाला चांगला

माणूस कशाला चांगला आहे हे नाना अर्ध्या मिनिटात सांगत. चेहऱ्याकडे मात्र ते बघत नसत. पोराचे खांदे, पोरीची बोटं एवढं पाहिलं की त्यांचं भागे. आमच्या तालुक्यातली पंधरा-वीस घरं त्यांनीच खानदेशातून इकडे उधन्याला, कापडाच्या कारखान्यांत आणलेली. कारखान्यांचे शेठ त्यांच्या शब्दावर माणूस ठेवत आणि त्यांच्याच शब्दावर काढत. त्यामुळे नव्वदच्या दशकात आमच्या चाळीत नानांनी नेमून दिलेलं काम म्हणजेच माणसाचं आयुष्य असे.

आखाजीच्या सणाला ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्या पेनांनी त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही. वयात आलेली मुलं एकेक करून समोर उभी केली जात. "हा लूमवर. हा रंगाला. ही लग्नाला." तिसरी नेमणूक ऐकून मुलीची आई पदर सावरून हसे, कारण हसायचं असतं हे तिला ठाऊक होतं. कोणी कुरकुरलं तर नाना शांतपणे म्हणत, "सगळेच साहेब झाले तर कापड कोण विणेल?" स्वतःच्या मुलाला कॉलेजात घालताना हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो बी.कॉम.ला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा आपटला, तरी नानांच्या मते तो शिकायलाच चांगला होता.

माझा मोठा भाऊ रघू गणितात वर्गात पहिला यायचा. नानांनी त्याच्या पोटऱ्या पाहिल्या. "उभा राहायला चांगला," म्हणाले. अठराव्या वर्षी तो लूमवर गेला, खडखडणाऱ्या यंत्रांमध्ये बारा बारा तास. काही दिवसांनी तो घरात ओरडून बोलू लागला. आम्हाला वाटलं, चिडका झालाय. खरं तर त्याला ऐकू कमी येत होतं.

मग माझी दहावी झाली. मला पुढे शिकून नर्स व्हायचं होतं. नानांनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली. "साड्यांच्या घड्या छान घालेल. तिकडे पर्वत पाटिया भागात एक शेठ आहे. सोमवारी पाठवा."

आईने तोवर नानांसमोर तोंड उघडलं नव्हतं. घरात बोलायची त्याच अहिराणीत ती म्हणाली, "मन्ही पोर शिकी, नाना."

"वहिनी, मी शेठला शब्द दिलाय."

"तुम्ही दिधा. मी नही दिधा."

नाना हसले. आठ दिवसांत वडिलांची नोकरी गेली. उधन्यात त्यांना कोणी उभं करेना. शेवटी लांब इच्छापोरला कंत्राटी मजुरी मिळाली. सहा महिने ते आईशी बोलले नाहीत. आई नळावर आली की बायका भरल्या-न भरल्या बादल्या उचलून चालू लागत. रघूला मात्र नानांनी कामावरून काढलं नाही. घर त्याच्या लूमवर चाललं आणि माझं शिक्षणही त्याच लूमवर झालं. नानांचा मला कितीही तिटकारा असला, तरी हे मी विसरू शकत नाही.

मी नर्स झाले त्याच वर्षी नाना गेले. शोकसभेला सगळी चाळ लोटली. "त्यांनी आपल्याला मार्गाला लावलं," असं एकेक जण उठून सांगत होता. एका काकांनी तर त्यांना समाजाचा शिल्पकार म्हटलं. हे सांगताना त्यांनी वर केलेल्या हाताची दोन बोटं यंत्राने नेलेली होती. मला किळस आली. पण शेजारी रघू डोळे पुसत होता.

परतताना मला राहवलं नाही. विचारलं, "दादा, तुला काय व्हायचं होतं?"

त्याने कान पुढे केला. भर रस्त्यात, रिक्षांच्या गोंगाटात, मी ओरडून पुन्हा विचारलं.

"मला?" तो ओशाळून म्हणाला, "कोणी विचारलंच नव्हतं गं."