तिथं आपलं कोण हाय

जेवणं झाली की मोठ्यानं वाचत बसायची सवय मला अजून सुटलेली नाही. ऐकायला आता घरात कोणी नाही. समोरच्या लोखंडी खाटेवर दादा असायचे, माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, उभा जन्म भूम तालुक्याच्या रस्त्यांवर काढला.

मी इतिहासाचा प्राध्यापक, आणि माझा विषय जपान. तोही आजचा नव्हे, तीन-चारशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिथं शेकडो संस्थानं होती, वाटेवर नाके होते, आणि 'माझा मुलूख' म्हणताना माणसाच्या मनात फक्त आपलं संस्थान असायचं. मग हीच माणसं स्वतःला जपानी कधी समजू लागली, एका राज्यानं त्यांना कसं बांधलं, या प्रश्नात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आमच्या जिल्ह्यातले इतिहासवाले तेरच्या उत्खननावर लिहितात. चहाच्या वेळी कोणीतरी हटकून विचारायचं, सर, तेर सोडून टोकियो कशाला? सगळे हसायचे, मीही हसायचो. माझं एखादं पान वाचलंय असा माणूस मात्र त्यांत एकही नसायचा. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

खरं तर जपान दादांनी निवडला होता. छप्पन्नच्या दीक्षेच्या वेळी ते पोरसवदा होते. त्यांचे वडील गावातली मेलेली ढोरं ओढत. दीक्षेनंतर घरानं ते काम टाकलं. जपान हा बुद्धाचा मुलूख आहे आणि तिथं गावाबाहेरची वस्ती नसते, असं दादांनी कुठंसं ऐकलं आणि मनाशी घट्ट धरलं. मला जपानी शिकायला पुण्याला धाडलं ते त्यांनीच. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटायच्या आधी माझं भाषण ठरलेलं असे. मी वेळेवर सुटणाऱ्या गाड्या आणि लखलखीत रस्ते सांगायचो. दादा पहिल्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात, आजूबाजूला बघत बसायचे.

संशोधनासाठी मी दोन वर्षं जपानात राहिलो. दर रविवारी फोनवर दादांचा एकच प्रश्न असे, तिथं आपलं कोण हाय? मी म्हणायचो, कुणी नाही. फोन ठेवला की भात टाकायचो आणि भिंतीकडं तोंड करून जेवायचो.

तिथंच एका विहारामागच्या टेकडीवर मी ते दगड पाहिले. त्या जुन्या काळात प्रत्येक घराला कुठल्या तरी विहारात नाव लावावं लागे. राज्य माणसांची नोंद ठेवायचं ते भिक्खूंच्या हातानं. माणूस मेला की भिक्खू त्याला नवं धर्मनाव देत आणि ते थडग्याच्या दगडावर कोरत. मेलेल्या जनावरांची कातडी सोलणारे, गावाबाहेर ठेवलेले लोक तिथंही होते. त्यांच्यातल्या काहींच्या धर्मनावात एक अक्षर मुद्दाम घातलेलं होतं. जनावर. मला जपानी वाचता येतं याचा त्या दिवशी पहिल्यांदा संताप आला.

अलीकडं त्यांच्याच वारसांनी भांडून असे कित्येक दगड बदलून घेतले. माझ्या मराठी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या दगडांचं आहे.

पुस्तक लिहून झालं तोवर दादांची नजर गेली होती. मला वाचून दाखव म्हणाले. रोज दुपारी थोडं थोडं वाचायचो. प्रवासाला निघताना विहाराचा दाखला लागायचा, हे ऐकून म्हणाले, म्हणजे पास. कंडक्टरच शेवटी. माझ्या विषयावर कोणी माझ्याशी बोलतंय, हे सुख मला साठीला आल्यावर मिळालं.

मग ते प्रकरण आलं. वगळलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. नव्वदीला टेकलेल्या माणसानं जन्मभर जपलेला मुलूख आपण कशाला मोडायचा? घसा बसलाय म्हणून एक दुपार टाळली, मग दुसरी.

"घसा बरा हाय तुजा," तिसऱ्या दुपारी ते म्हणाले. "वाच."

शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दादांनी उशाजवळची टोपी चाचपून मांडीवर घेतली.

"जनावर?"

"हो."

पंखा घरघरत होता. यांचा जपान मी हिरावून घेतला, एवढंच माझ्या मनात येत होतं.

"तू तिथं व्हतास तवा म्या दर ऐतवारी इचारायचो," दादा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "तिथं आपलं कोण हाय. तू म्हणायचास, कुणी न्हाय."

टोपीची घडी त्यांनी बोटानं सारखी केली.

"व्हते की रं."