चुन्याचा दुसरा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या चौगुल्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? कदाचित तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून.

घराला चुना लावतात तो डाग आणि भेगा झाकायला. आमच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत उलटं होतं. तपासायच्या भिंतीला चुन्याचा एकच पातळ हात द्यायचा — भेग दिसावी म्हणून. केसाएवढी चीर पडली तरी पांढऱ्यावर काळी उमटते. खोटं बोलायला भिंतीला जागाच ठेवायची नाही, असा तो नियम. नियम चांगला होता. माणसांना लावला असता तर आमची निम्मी कचेरी रिकामी झाली असती. मीही उरलो नसतोच.

साठच्या आसपासची गोष्ट. चौगुले निपाणीचा, माझ्या हाताखाली, मला अण्णा म्हणायचा. भूकंपात टिकतील अशी स्वस्त घरं बांधायची हे त्याचं वेड. बंगळूर खडकावर बसलेलं. शेजारी विचारायचे, 'इथं कुठला भूकंप, स्वामी?' मीही हसायचो. तो हसत नसे.

त्याची कल्पना सोपी होती. रिकाम्या काडेपेटीचं कवच उभं धरा आणि वरून दाबा — सहज सोसतं. पण बाजूनं बोट लावा — लगेच कलंडतं, चौकोन तिरका होतो. भूकंप घराला असंच बाजूनं ढकलतो. भिंतीचा एक कर्ण ताणला जातो आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी चीर पडते. साधी भिंत तिथंच संपते. चौगुल्यानं पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत रचली, पोकळ्यांतून उभ्या सळ्या घेतल्या, थरांमध्ये आडव्या टाकल्या आणि पोकळ्या काँक्रीटनं भरल्या. अशा भिंतीलाही चीर पडते, पण सळ्या तिला सोडत नाहीत. 'फाटंल, पण पडायची नाही की ओ,' तो म्हणायचा.

महिन्याभरानं मंत्र्यांपुढे प्रात्यक्षिक ठरलं. मांडव, गुलाबपाणी. भिंत ढकलणाऱ्या जॅकला हळदकुंकू. नारळ भिंतीवरच फोडायचा का, यावर साहेबांच्या खोलीत गंभीर चर्चा झाली. या सगळ्याची मी मनातल्या मनात यथेच्छ टिंगल केली. पण पाहुण्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं — आणि आपली फजिती होईल ही भीती मला त्या मांडवातल्या कुणाहीपेक्षा जास्त होती.

म्हणून आदल्या रविवारी दुपारी, कुणी नसताना, मी जॅक चालवून पाहिला. थोडासाच दाब द्यायचा होता. काटा चढत गेला, भिंत ढिम्म. मला तिचा राग आला. खरंच आला — चौगुल्याचं खरं ठरतंय याचा. मी आणखी पंप मारला. आणि चीर गेली — वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, काळी, बारीक.

मी दाब सोडला. चीर जवळजवळ मिटली. सळ्यांनी तिला ओढून घेतलं होतं. चौगुल्याचं म्हणणं माझ्या डोळ्यांपुढे सिद्ध झालं होतं, आणि पाहणारा मी एकटाच. मग मी काय केलं? बोटानं चिरेत चुना भरला आणि भिंतीला दुसरा हात दिला. लग्नघरासारखी दिसायला लागली.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

सोमवारी मंत्र्यांनी पंपाला हात लावला. एकदा तडकलेली भिंत दुसऱ्यांदा लवकर वाकते, तिची चीर थोड्याशा दाबानं उघडते — हे तिथं मला आणि चौगुल्याला ठाऊक होतं. पण ती आधी तडकलेली आहे, हे फक्त मला. सुरुवातीलाच चीर फाकली, चुन्याचे पापुद्रे पाहुण्यांच्या बुटांवर पडले. मंत्री मागे सरले. 'पुरे,' साहेब ओरडले. आणखी ढकललं असतं तरी ती पडली नसती. पण ढकलतो कोण?

'चौगुले, पोकळ्या नीट भरल्या होत्या ना?' साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे. मी जॅककडे.

योजना बासनात गेली. चौगुल्याला कोठारात सिमेंटच्या पोत्यांवर बसवलं. भिंत पाडायचं काम माझ्याकडे आलं. ती पडेना — घणकरी शिव्या देत होते. फोडल्यावर आतून एकूण एक पोकळी गच्च भरलेली निघाली. मी तो राडारोडा उपाहारगृहामागच्या खड्ड्यात टाकायला लावला.

हेही ते नाही. मी अजून टाळतोच आहे, नाही का?

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला. त्यानंतरच्या रविवारी चौगुले माझ्या घरी आला. बायकोनं कॉफी दिली, ती त्यानं तशीच ठेवली.

'अण्णा, एक सांगू काय? कुणाला बोललो नाही.'

'बोल की.'

'काँक्रीट ओतायच्या दिवशी मी तासभर नव्हतो तिथं. बायको बाळंत झाली म्हणून निरोप आला. पोरीचं तोंड बघायला पळालो. त्या तासात कुठली तरी पोकळी ऱ्हायली असणार. भिंत माझ्यामुळं गेली, अण्णा. तिकडं माणसं दगडांखाली गेली... कुणास ठाऊक, अशा भिंती असत्या तर.' मग थांबून म्हणाला, 'पोरीचा वाढदिवस आला की मला ती भिंत दिसते बघा.'

सात वर्षं त्यानं हे बाळगलं होतं. मी न केलेल्या कबुलीची जागा त्यानं स्वतःच्या कबुलीनं भरली होती — गच्च, एकही पोकळी न ठेवता.

एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडात तयारही होतं. आणि मी काय म्हणालो?

मी म्हणालो, 'जाऊ दे, चौगुले. होतं असं माणसाच्या हातून. मनाला लावून घेऊ नकोस.'

मी त्याला क्षमा केली. हेच सांगायचं होतं.

त्याचे डोळे भरले. 'लई हलकं वाटलं, अण्णा,' म्हणाला. गार झालेली कॉफी एका दमात प्याला. निघताना दारात वाकला आणि माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.